'गहाळ' की 'चोरीला गेलं'? दारातून पार्सल गेलं तर अर्जात काय लिहायचं

कोपरीकर: मंडळी, आईसाठी बीपी मशीन मागवलं होतं, 2,400 चं. डिलिव्हरीवाल्याने चपलांच्या रॅकवर ठेवून फोटो पाठवला आणि मी संध्याकाळी घरी येईपर्यंत रॅकवर फक्त चपला. सीसीटीव्हीत स्पष्ट दिसतंय, टोपीवाला एक माणूस जिन्याने वर येतो, बॉक्स काखेत मारतो, खाली जातो. तरी चौकीत म्हणाले 'पार्सल गहाळ झाले' असं लिहून द्या. दिलं लिहून, पण घरी येऊन कागद वाचला आणि खटकलं. हे दोन शब्द एकच का?

नेरुळची: अजिबात नाही. रिक्षात छत्री राहिली, लोकलमध्ये पाकीट पडलं, ते गहाळ. त्यात 'कोणी' हा प्रश्नच येत नाही, वस्तू जणू आपली आपण गेली. आणि गहाळ होणं हा गुन्हाच नाही, मग शिक्षा कुणाला होणार? चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या परवानगीशिवाय लबाडीने हलवणं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं, त्याआधी जुन्या भारतीय दंड संहितेचं 379. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि परत दोषी ठरला तर कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी. तुमची वस्तू 5,000 च्या आतली आहे, तिथे पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा होते. एवढ्या रकमेची चोरी 'अदखलपात्र' असते आणि लोक त्याचा अर्थ 'दखल घ्यायच्या लायकीचं नाही' असा घेतात, तो साफ चुकीचा आहे! पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही एवढंच, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करावीच लागते.

कळवेकर: अर्जात 'घरफोडी' पण लिहू नका, कुलूप, कडी काही तुटलं नाही. राहत्या घरातल्या चोरीला कलम 305, सात वर्षांपर्यंत, पण दाराबाहेरचा पॅसेज त्यात धरायचा का यावर वाद होऊ शकतो. आणि पार्सल डिलिव्हरीवाल्यानेच ठेवून घेतलं असतं तर शब्द 'अपहार', कारण माल विश्वासाने त्याच्या हातात दिलेला, तिथे 316. बाकी 'लंपास' पेपरवाल्यांचा, 'ढापलं' आपला बोलण्यातला. 'भुरटा चोर' बरोबर बसतो, जे हाती लागेल ते उचलणारा.

तुर्भेकर: उचल्या पण म्हणतात ना?

नेरुळची: कृपा करून तो नको. ते एका समाजाचं नाव आहे, इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने असल्या अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, कायदा 1952 ला गेला, शब्द मात्र आपण अजून बोलता बोलता वापरतो. माझ्या वर्गात त्या समाजातली एक मुलगी होती, हजेरीत मागून कोणीतरी हाच शब्द कुजबुजायचं आणि ती मान खाली घालून बसायची, ते अजून डोळ्यासमोर आहे.

कोपरीकर: हे माहीत नव्हतं, थँक्स ताई. आज नवा अर्ज दिला: 'सदनिकेच्या दारासमोर ठेवलेले पार्सल अनोळखी इसमाने चोरून नेले, सीसीटीव्ही चित्रण सोबत जोडले आहे.' यावेळी एनसीची प्रत हातात घेऊनच बाहेर पडलो. फक्त 'पॅसेज'ला मराठीत काय लिहायचं तेवढं सांगा, व्हरांडा तर आमच्या बिल्डिंगला नाहीच.

कळवेकर: 'सामाईक जागा' लिहा, सोसायटीच्या कागदांत तेच असतं.