जवस-शतावरीने पाळी जातानाचा त्रास जातो म्हणे!

तिखटमीठ:
काल इथेच एका ताईंनी लिहिलं, 'हॉर्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सरला आवतण. सकाळी दुधातून शतावरी कल्प, जेवणात जवसाची चटणी, रात्री अश्वगंधा. तीन महिन्यांत सगळं शांत.' खाली हात जोडलेल्यांची रांग. डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितेय. जवसाची चटणी मीही खाते, भाकरीबरोबर झकास लागते. पण तिची परीक्षा झालीय. 2012 साली निकाल छापून आला: जवसाची वडी खाणाऱ्या आणि बिनजवसाची खाणाऱ्या, दोन्हीकडच्या बायकांचे हॉट फ्लॅश, म्हणजे अंगातून अचानक गरम वाफा येणं, जवळपास सारखेच कमी झाले. आणि ती कॅन्सरची भीती 2002 च्या अमेरिकन अभ्यासातली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63! नुकतीच पाळी गेलेल्या पन्नाशीच्या बाईला तेच गणित कसं लावता?

हिरवी_पानं:
त्या 'ताई' मीच. नाव घेऊन बोला की. रात्री दोन-दोनदा गाऊन बदलायचे, उशीसुद्धा ओली. आता सलग झोपते. ते काय खोटं? आणि अश्वगंधेची परीक्षाही झालीय, 2021 मध्ये, भारतातच. घेणाऱ्यांचा त्रास कमी झाला. सोयीचं तेवढंच वाचायचं का?

तिखटमीठ:
वाचलंय. शंभरेक बायका, आठ आठवडे. एवढ्यावर जगाला सल्ला?

नाना_कोथरूड:
आमच्या आईच्या वेळी हे असलं काही नव्हतं बुवा. बायका कामात असायच्या.

तिखटमीठ:
नाना, आईने तुम्हाला सांगितलं असतं होय?

बदलापूर_लोकल:
माझ्या जावेने थायरॉइडच्या गोळीसोबत अश्वगंधा सुरू केली, डॉक्टरला न विचारता. छातीत धडधड, हात थरथरायला लागले. अश्वगंधेने थायरॉइड वाढू शकतं, हे पोस्टमध्ये कुठेय? ज्येष्ठमधाने बीपी चढतं, तेही नाही. 'नैसर्गिक आहे' म्हटलं की झालं!

माजलगावची:
तुमचं चाललंय कल्प की गोळी. आमच्याकडे पाळी जायची वाटच बघत नाहीत, पिशवीच काढून टाकतात. 2019 ला सरकारी समितीपुढे आकडा आला: बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. माझी मावशी त्यातलीच. अंगावरून पांढरं जायचं, डॉक्टर म्हणाला, 'ठेवलीस तर कॅन्सर होईल.' वय तेहतीस. अंडाशयंही गेली. एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, मग पाळी कुणाला परवडते?

हिरवी_पानं:
हेच म्हणतेय मी! यांच्या हातात शरीर दिलं की असं होतं.

स्टेथो_बाजूला:
थांबा. पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. लुटारू आहेत, नाकारत नाही. पण मोठ्या गाठी, रक्तस्राव थांबेना, हिमोग्लोबिन पाचवर, अशी बाई समोर आली की पिशवी काढावी लागते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

माजलगावची:
तुम्ही शहरात बसून गाठी मोजा. आमच्याकडे साध्या सोनोग्राफीवर टेबलावर घेतात.

स्टेथो_बाजूला:
म्हणूनच विचारतो, मावशींना नंतर हॉर्मोन कुणी दिले का? तेहतिसाव्या वर्षी अंडाशयं गेली, तर पाळी जायच्या सर्वसाधारण वयापर्यंत बहुतेकींना द्यायला हवेत. हाडं, हृदय, दोन्हीसाठी. तिथे शतावरी पुरत नाही.

माजलगावची:
कोण देतंय? टाके काढले, घरी पाठवलं. चाळिशीतच मनगट मोडलं, ओट्यावरून नुसता तोल गेला. आता मोळी उचलवत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तो अर्धा झाला.

हिरवी_पानं:
बरं बाई, अशांना गोळी द्या. तेवढं मान्य. पण मला त्यात ओढू नका.

तिखटमीठ:
उपकार झाले! आता पोस्टमध्ये तेवढं घाला. आणि हेही घाला की पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग दिसला तर कल्प ढवळत बसायचं नाही, तडक तपासून घ्यायचं. गर्भाशयाचा कॅन्सर बऱ्याचदा असाच पहिल्यांदा कळतो.

हिरवी_पानं:
ते मलाही कळतं, शिकवू नका. एक ओळ घालते. बाकीची पोस्ट तश्शीच राहणार.

बदलापूर_लोकल:
थायरॉइडची दुसरी ओळ कोण घालणार?