हायड्रोफोनवरून पुरात सरकणारे गोटे मोजता येतील का?

नदीकाठी:
पूर चढल्यावर तळाचे गोटे मोजायला जाळीची पिशवी पाण्यात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून काठावरून हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारा माईक) सोडतोय. हेडफोन लावला की खळखळाटामागून कोरडा, बारीक कडकडाट अगदी स्पष्ट येतो. त्यावरून माल किती वाहतोय ते काढता येईल?

तळगाळ:
तो आवाज गोट्यावर गोटा आपटल्याचाच. आधी स्पेक्ट्रम काढा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला आवाज किती आहे ते पाहा. प्रवाहाची घुसळण बहुतांशी १ किलोहर्ट्झच्या खाली राहते. २ सेंटिमीटरचे खडे साधारण ६-७ किलोहर्ट्झला वाजतात, मोठे त्याखाली, वाळू कितीतरी वर. म्हणजे आकाराचा अंदाज बऱ्यापैकी येतो. वजनाचं मात्र तसं नाही. त्यासाठी पाणी बेताचं असताना त्याच ठिकाणी पिशवीने नमुने घ्या आणि आवाजाच्या ऊर्जेशी पडताळा. एका नदीचं समीकरण दुसरीला डोळे झाकून लावू नका, ही कळकळीची विनंती!

भोवरा:
पाणी उथळ असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सी लांब जातच नाहीत, त्यामुळे मोठे धोंडे निसटतात. शिवाय बांधलेल्या हायड्रोफोनवर प्रवाह आदळून स्वतःचाच गोंगाट होतो. तरंगत्या फळीखाली टांगून प्रवाहाबरोबर सोडा, फरक लगेच ऐकू येईल.

नदीकाठी:
फळीचं पटलं, करतोच. गढूळपणाही यातच मोजला जाईल का?

तळगाळ:
नाही. पाण्यात तरंगणारा बारीक गाळ असा वाजत नाही. त्याला ध्वनी सोडून परत येणारा प्रतिध्वनी मोजावा लागतो, ते उपकरण वेगळं.