हिमालयन ४११ : वापरणाऱ्यांनी इथे लिहा

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही २०१६ साली आली आणि २०२३ मध्ये ४५० आल्यावर बंद झाली. जुन्या बाजारात ती आज सहज मिळते, त्यामुळे नव्याने घेणारेही बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा धागा. प्रवासवर्णनं नकोत. काय तपासायचं, काय बिघडतं आणि का, एवढं लिहा.

पुणे, बीएस४ (बीएस म्हणजे धुराचे सरकारी निकष; बीएस६ त्यानंतरचे)

जुनी गाडी बघताना मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने सावकाश फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) गेलाय. मग पुढचं चाक खालून धरून मागेपुढे हलवा. टक्‌ टक्‌ लागलं तर कोन सेट ढिला आहे. दोन्ही चाकांच्या तारांवर पान्याने हलकेच वाजवत जा. घट्ट तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते. एक ढिली राहिली की तिचा भार शेजारच्या तारांवर जातो आणि त्या तुटायला लागतात.

२०१६ची कार्ब्युरेटरवाली गाडी स्वस्त मिळेल. पण उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढंच जात राहतं, प्लग काळा पडतो. लडाख-स्पिती डोक्यात असेल तर इंजेक्शनवालीच घ्या.

रत्नागिरी, बीएस६

कोकणात पावसाळ्यात जांभ्याची बारीक खडी आणि त्यावर लाल चिखल, हे सगळ्यात फसवं. पुढचं चाक २१ इंची असल्यामुळे खड्डा ते सहज ओलांडतं, पण चिकट माती खालच्या मडगार्डमध्ये साचली की चाक जड होत होत जाम होतं. काठी जवळ ठेवा, थांबून माती काढा.

कच्च्या रस्त्यावर हवा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ४-५ पीएसआय कमी पुरते. त्याहून खाली गेलात तर दगडावर रिम आदळून ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. डांबरावर आलात की आधी हवा भरा, मग वेग.

बीएस६मध्ये मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बटणाने बंद करता येतं. उतारावरच्या सुट्या खडीवर ते बंदच हवं, नाहीतर ब्रेक सोडत-धरत राहतो आणि गाडी थांबतच नाही. चावी बंद करून पुन्हा चालू केली की एबीएस परत सुरू होतं. फोटोला थांबलात तर निघताना आठवणीने बघा.

नाशिक

ट्यूबवाली चाकं आहेत, तेव्हा पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. सामान: टायर उचकटायच्या तीन लिव्हर, दोन्ही अ‍ॅक्सलचे पाने, पॅच, सोल्यूशन, पंप आणि २१ इंची एक ट्यूब. अडचणीत ती मागच्या १७ इंची चाकातही चालवून घेता येते, घडी न पडेल अशी बसवायची आणि पुढच्या गावात बदलायची.

मागचं चाक काढताना अ‍ॅक्सल ओढा, चाक पुढे ढकला, चेन उतरवा. चाक बाहेर असताना ब्रेकच्या पायडलवर पाय नको, ब्रेकचे पिस्टन बाहेर सरकतात. टायरची कड सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड तिच्यावर दाबा. लिव्हर व्हॉल्व्हपाशी लावा आणि समोरची बाजू गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून ठेवा. ही एक गोष्ट जमली की ताकद लागत नाही. ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, खिळा तिथेच असतो. व्हॉल्व्हची चकती रिमवर आवळू नका. ट्यूब आत थोडी सरकते. चकती आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, आणि त्याला पॅच नाही.

नागपूर

चेन. सस्पेन्शनची चाल (चाक वरखाली होण्याचं अंतर) मागे १८० मिमी आहे. गाडी दबते तशी चेन ताणली जाते. म्हणून रिकाम्या गाडीवर ‘छान घट्ट’ केलेली चेन सामान आणि मागचा माणूस बसल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देते. ढील पुस्तकाप्रमाणे ठेवा, मग भार टाकून पुन्हा बघा. दर ५०० किमीला, पावसात रोज, केरोसिनने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल. तारेचा ब्रश नको, चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग कापल्या जातात.

मागे माणूस बसणार असेल तर शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवा. गाडी मागून बसली की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो.

मनालीच्या बाजूला नेहमी जाणारे

मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किमी’ ही पाटी प्रसिद्ध आहे. टाकी १५ लिटर. ३०चं मायलेज धरलं तर ४५० किमी, पण चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते २५वर येतं, म्हणजे ३७५. हाताशी उरतात दहा किमी. ५ लिटरचा कॅन न्याच.

ओढे सकाळी लवकर ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आधी चालत जाऊन तळ बघा. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. गाडी पाण्यात पडली तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण). नंतर सेल्फ मारून बघायचा मोह टाळा: सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, एअर फिल्टर बघा, प्लगशिवाय इंजिन फिरवून पाणी उडवा, मग प्लग लावा.

चढावर अर्ध्या क्लचवर रेंगाळू नका. उंचीवर ताकद कमी झालेली असते, प्लेटा जळायला एक घाट पुरतो. नवी क्लच केबल जुन्या केबलला समांतर झिप टायने बांधून ठेवा. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची.

ठाणे

नागपूरकरांच्या भाराच्या मुद्द्याला जोड. जड वस्तू (हत्यारं, पाणी) खाली आणि बसणाऱ्याच्या जवळ, हलके कपडे मागे वर. मागच्या कॅरिअरवर वजन गेलं की पुढचं चाक हलकं होऊन वाळूत भरकटतं. लोखंडी पेट्या महामार्गाला उत्तम, पण कच्च्या रस्त्यावर पाय टेकवताना पिंढरी पेटीखाली सापडते. तिथे कापडी सॅडल बॅगच बऱ्या.