भुईआवळी, लॅन्सेट आणि अर्धवट सांगितलेला पुरावा

सह्यपठार: ‘भुईआवळीने हिपॅटायटिस बी समूळ जातो, हे लॅन्सेटने सिद्ध केले आहे’ हा संदेश काल चौथ्या समूहातून आला, म्हणून सविस्तर लिहितो. 1988 साली मद्रासच्या त्यागराजन व सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला, हे खरे. महिनाभर चूर्ण घेणाऱ्या 37 वाहकांपैकी (विषाणू अंगात बाळगणाऱ्यांपैकी) 22 जणांच्या रक्तातील एचबीएसएजी, म्हणजे संसर्ग दाखवणारे विषाणूचे प्रथिन, नाहीसे झाले आणि प्लासिबोवरील (औषध नसलेल्या दिखाऊ मात्रेवरील) 23 पैकी एकाचेच झाले, हेही खरे. मात्र पुढे थायलंड आणि न्यूझीलंडमधील चाचण्यांत हा गुण दिसला नाही, आणि अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2011च्या कोक्रेन आढाव्यालाही खात्रीलायक पुरावा सापडला नाही. हा उत्तरार्ध संदेशातून नेमका गळतो.

वैद्यकन्या: सगळीकडे वनस्पती एकच होती, हे आपण गृहीत धरले आहे. भुईआवळी ज्या फायलँथस वंशातली, त्याच्या अमारस, निरुरी आणि युरिनारिया या जाती सहज एकमेकींत मिसळतात. जमीन आणि काढणीचा हंगाम बदलला की द्रव्याचे गुणही बदलतात. शिवाय 1996 साली प्रसिद्ध झालेल्या, कुटकी या यकृतावरच्या दुसऱ्या वनौषधीच्या डबल-ब्लाइंड (कुणाला खरे औषध मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीबद्दल आपले मौन सोयीचे दिसते. विषाणुजन्य काविळीच्या रुग्णांचे बिलिरुबिन (कावीळ आणणारे रक्तातील पिवळे द्रव्य) 2.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर यायला प्लासिबो गटात सरासरी 75.9 दिवस लागले, कुटकी गटात 27.44.

सह्यपठार: त्या चाचणीत रुग्ण 33 होते, हेही सांगायचे होते. आणि वनस्पतीची ओळखच इतकी बेभरवशाची असेल, तर काविळीवर म्हणून रविवारी सकाळी रांग लावून प्यायच्या रसाच्या पेल्यात काय आहे, याची हमी कोण देणार?

माळरान: माझ्या मामेसासऱ्यांना असाच रस पाजला, गळ्यात काविळीची माळही घातली. माळ लांबत गेली, म्हणजे कावीळ उतरली असे समजून घरचे समाधानी झाले. शौच पांढरे होत होते आणि अंगाला खाज सुटली होती, याकडे कुणी पाहिले नाही. पित्तनलिकेत खडा निघाला, तोवर जंतुसंसर्ग झाला होता. हिपॅटायटिस ए आणि ई बहुधा आपोआप बरे होतात. श्रेय मात्र माळ घेते.

वैद्यकन्या: पांढरे शौच पाहून सोनोग्राफी न सांगणाऱ्याला मी वैद्य म्हणतच नाही. वैदूचा दोष आयुर्वेदाच्या माथी का?

निवासी_डॉक्टर: मग गुळवेलीचे काय? करोनाकाळात घरोघर काढे उकळले, आणि 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवरच शंका घेतली. पुढे 13 केंद्रांतील अशाच 43 रुग्णांचा अभ्यास आला.

वैद्यकन्या: कोट्यवधींनी काढा घेतला, त्यात 43! भारतात औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेत क्षयरोगाची औषधे पहिल्या क्रमांकावर आहेत, याबद्दल आपण धागा कधी काढणार?

निवासी_डॉक्टर: दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे, तेही लिहा. काढा नेमका किती जणांनी घेतला याची नोंद कुणी ठेवलेली नाही, तेव्हा ‘कोट्यवधी’ हा आकडा आपलाच. क्षयरोगाच्या रुग्णाला आम्ही मळमळ झाल्यास, डोळे पिवळे दिसल्यास लगेच या, असे बजावून गोळ्या देतो आणि गरज पडताच त्या थांबवतो. काढ्याच्या पाकिटावर असे काय लिहिले होते?

वैद्यकन्या: ते लिहिले पाहिजे, एवढे मान्य.

सह्यपठार: आपण एवढे मान्य केलेत, तर मीही करतो: कुटकीची चाचणी मोठ्या संख्येवर पुन्हा व्हावी. फक्त निकाल विरुद्ध आला, तर ‘ती कुटकीच नव्हती’ असे म्हणणार नाही, हे आताच लिहून द्या.

वैद्यकन्या: कुटकी कोणती वापरली हे आधी तपासून घेणार असाल, तर देते.