अनुभव धागा: कॅमेऱ्याचं ओझं तुम्ही कसं वाहता?

नमस्कार मंडळी,

कोणती लेन्स घ्यावी यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. पण घेतलेली लेन्स दिवसभर अंगावर बाळगायची कशी, यावर कोणी फारसं बोलत नाही. मग जड लेन्स कपाटात राहते आणि लोक फोनवर फोटो काढून परत येतात. म्हणून हा धागा.

लिहिताना सोबत काय सामान असतं, चालणं किती असतं आणि कॅमेरा किती वेळा बाहेर काढावा लागतो, एवढं जरूर सांगा. नुसतं ‘अमुक बॅग मस्त आहे’ असं नको. पक्ष्यांमागे जाणाऱ्याची मस्त बॅग लग्नात काम करणाऱ्याला डोकेदुखी असू शकते.

सुरुवात मीच करतो. माझ्याकडे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणि दोन झूम लेन्स: २४-७० आणि ७०-२०० मिमी. चालणं बरंच, पण सपाटीवरचं. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येणारा गळ्यातला पट्टा मी वापरत नाही. त्याने सगळा भार मानेवर येतो आणि वाकलं की कॅमेरा पुढे झोका घेतो. मी एका खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा वापरतो. तो बॉडीच्या तळाला, ट्रायपॉडच्या आट्यांत बसवलेल्या स्क्रूला अडकतो. कॅमेरा उलटा, कमरेच्या मागच्या बाजूला लटकतो आणि हात घातला की पट्ट्यावरून सरकत थेट डोळ्यापर्यंत येतो. ७०-२०० लावलेली असेल तर पट्टा बॉडीला नाही, लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या, ट्रायपॉडला बसणाऱ्या कड्याला) अडकवायचा, म्हणजे माउंटवर, लेन्स बॉडीला जुळते त्या जोडावर, ताण येत नाही.

या पट्ट्यांची एक खोड आहे. चालताना कॅमेरा गोल फिरत राहतो आणि स्क्रू हळूहळू सैल होतो. मी स्क्रूवर आणि बॉडीवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली आहे. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की आवळायची वेळ झाली. शिवाय पट्ट्याच्या कडीपासून कॅमेऱ्याच्या वरच्या कानापर्यंत एक आखूड दोरी बांधलेली असते. स्क्रू निघालाच तर कॅमेरा जमिनीवर न जाता दोरीला लोंबकळेल.

आता तुम्ही लिहा.

— आडवाट

*

रेघेची युक्ती झकास! आजच करतो.

मी पक्षीवाला. निकॉनची डी५०० आणि २००-५००. बॉडी ८६० ग्रॅम आणि लेन्स कॉलरसकट २३०० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वर. तिरक्या पट्ट्यावर हे टाकून पाहिलं, पण खांदा दुखायच्या आधी मांडीच दुखते. प्रत्येक पावलाला लेन्स मांडीवर आपटते.

माझा उपाय मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड. चालताना लेन्स मोनोपॉडवरच असते. लेन्सची कॉलर खांद्यावर टेकवायची, कॅमेरा पाठीमागे आणि मोनोपॉडचा दांडा पुढून हातात. खांद्यावर फोमचा तुकडा हवा. मी पाइपवर चढवतात तसली फोमची नळी उभी चिरून दांड्याला गुंडाळली आहे, तिने थंडीत हातही गारठत नाही. पक्षी दिसला की दांडा खाली टेकवायचा, बस्स. बॅगेची चेन उघडेपर्यंत खंड्या कधीच उडालेला असतो.

उघड्या गाडीतून सफारी असेल तर मोनोपॉड अडचणीचा होतो. तिथे बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी. ती रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोचल्यावर कुठलंही कोरडं धान्य भरायचं. प्रवासात वजन जवळपास शून्य.

आणि एक सांगू का? ओझं वाहायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ओझंच कमी घेणं. निकॉनची ५०० मिमीची एफ ५.६ पीएफ लेन्स १४६० ग्रॅमची आहे, माझ्या लेन्सपेक्षा ८४० ग्रॅमनी हलकी. तिच्यात फ्रेनेल प्रकारची भिंग वापरल्यामुळे काच कमी लागते आणि लांबीही घटते. पण ती झूम नाही आणि माझ्या खिशाला झेपत नाही, त्यामुळे सध्या फोमची नळी जिंदाबाद.

— पाणथळ

*

मानेच्या मणक्याचा त्रास आहे. फिजिओथेरपिस्टने गळ्यात काहीही अडकवायला सक्त मनाई केली आहे, एका खांद्यावरची झोळीही नाही. छंद सोडायचा नव्हता म्हणून सगळं विकून मायक्रो फोर थर्ड्सवर, म्हणजे लहान सेन्सरच्या हलक्या कॅमेऱ्यांवर, आलो. पॅनासॉनिकची १००-३०० मिमी लेन्स फक्त ५२० ग्रॅमची आहे आणि सेन्सर लहान असल्यामुळे दृश्य ६०० मिमीइतकं जवळ येतं. संधिप्रकाशात फोटोत खरखर जास्त दिसते, हे कबूल. पण संधिप्रकाशापर्यंत मी मैदानात उभा असतो, आधी दुपारीच घरी यायचो.

कॅमेरा मनगटाच्या पट्ट्यावर, बाकी सामान कमरेच्या पाउचमध्ये. मानेवर शून्य ग्रॅम.

— मानमोडी

*

धाग्याबद्दल धन्यवाद, आडवाट. डोंगरातल्या माणसाचं थोडं विस्ताराने लिहिते, कारण इथे बॅग चुकली तर फोटो तर जातातच, पायही घसरतो.

पहिली गोष्ट, ‘कॅमेरा बॅग’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक सॅकना कमरेचा पट्टा नावालाच असतो. पातळ नाडीसारखा. डोंगरात सात-आठ किलो घेऊन चढायचं तर भार कमरेच्या हाडावर जायला हवा, खांद्यांनी फक्त सॅक पाठीशी धरून ठेवायची. म्हणून मी साधी ट्रेकिंगची सॅक घेते आणि तिच्यात कॅमेऱ्याचा गादीवाला कप्पा वेगळा टाकते.

सॅक घेताना लिटर बघण्याआधी पाठीची लांबी मोजा. मान खाली घातली की तळाशी जे हाड ठसठशीत वर येतं तिथपासून, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठे पाठीवर जिथे जुळतात तिथपर्यंतचं अंतर. माझी उंची बरी आहे पण पाठ आखूड, त्यामुळे पुरुषांच्या मापाच्या सॅकचा पट्टा माझ्या कमरेऐवजी खाली मांड्यांवर यायचा. उंचीवरून माप सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

सॅक चढवायचा क्रमही महत्त्वाचा. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्यायची. आधी कमरेचा पट्टा हाडाच्या वरच्या कडेवर बसवून आवळायचा. मग खांद्याचे पट्टे, पण फार नाही. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे ओढायचे, त्याने सॅक मागे झुकायची थांबते. छातीचा पट्टा शेवटी आणि श्वास मोकळा राहील इतपतच. खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये बोट सहज सरकलं तर भार कमरेवर गेला आहे असं समजा. चढ-उतारात दर तासाला कमरेचा पट्टा पुन्हा आवळावा लागतो, तो सैल होतोच.

भरताना झोपायचं सामान तळाला आणि कॅमेऱ्याचा कप्पा मध्यभागी, पाठीला चिकटून. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की ती मागे खेचते आणि आपण कमरेत वाकून चालायला लागतो.

हाताशी एक कॅमेरा हवाच, तो खांद्याच्या पट्ट्यावरच्या क्लिपला. पीक डिझाइनची कॅप्चर क्लिप वापरते. बॉडीच्या तळाला चौकोनी प्लेट लावायची, ती क्लिपमध्ये वरून सरकवली की टक् करून बसते. लाल बटण दाबल्याशिवाय सुटत नाही आणि बटण फिरवून कुलूपही करता येतं. प्लेट आर्का पद्धतीची (ट्रायपॉडच्या पकडीत सरकवून बसवायची) असल्याने तशाच ट्रायपॉडवर थेट चढते. पण क्लिपला लहान लेन्सच बरी. लांब लेन्स लावली की ती खाली लोंबते आणि पायऱ्या चढताना गुडघा तिला लागतो.

— कडेकपारी

*

@कडेकपारी, क्लिपबद्दल असहमत. सारखी सॅक काढ-घाल करायची असेल तर ठीक, पण एका खांद्यावर किलोभर जास्त वजन आलं की तासाभराने तिरकं चालायला लागतो. दुसऱ्या खांद्यावर काय ठेवता?

— ट्रायपॉडवाला

*

पाण्याची बाटली, त्याच उंचीवर, छोट्या पाउचमध्ये. अगदी समसमान होत नाही, पण चालतं.

— कडेकपारी

*

लग्नं आणि समारंभ करते, त्यामुळे माझा प्रश्नच वेगळा आहे. चालणं फार नाही, पण दहा-बारा तास उभं राहणं, खाली बसणं, खुर्चीवर चढणं. दोन बॉडी: एकीवर २४-७०, दुसरीवर ७०-२००. लेन्स बदलायला सवड नसते.

दोन्ही खांद्यांवरून जाणारा चामड्याचा हार्नेस वापरते. पाठीवर पट्ट्यांची फुली असते आणि भार दोन्हीकडे सारखा वाटला जातो. जड कॅमेरा डावीकडे, हलका उजवीकडे, कारण उजवा जास्त वेळा उचलला जातो. गुडघ्यावर बसताना मात्र दोन्ही कॅमेरे आधी पकडा, नाहीतर एक फरशीवर टेकतो आणि दुसरा समोरच्याच्या खुर्चीवर.

बायकांसाठी एक सूचना. हार्नेसचा पुढचा आडवा पट्टा वर-खाली सरकणारा आहे का, हे घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. एका जागी शिवलेला असेल तर तो छातीवर नको तिथे येतो आणि दिवसभर काचतो. तशा एका हार्नेसने खांद्यावर वळ उठले होते. परत करायला गेले तर ‘मॅडम, सवय होईल’ असं उत्तर मिळालं. सवय कसली व्हायची!

मेमरी कार्डं आणि बॅटऱ्या कमरेच्या पाउचमध्ये. भरलेली कार्डं चेनच्या कप्प्यात, रिकामी बाहेर. हा नियम मदतनिसालाही पाठ असतो.

— दोनबॉडी

*

पोर लहान आहे. बाळाच्या सामानाची जी बॅग असते तिच्यातच कॅमेऱ्याचा गादीवाला कप्पा बसवला आहे. लंगोटांच्या शेजारी ३५ मिमीची प्राइम (झूम नसलेली लेन्स). बॅगेला पाणी न झिरपणारं अस्तर, बाटलीचे कप्पे, सगळं आयतंच. आणि या बॅगेत कॅमेरा असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

— कडेवरचं

*

ट्रायपॉडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सॅकच्या बाजूच्या बाटलीच्या कप्प्यात ट्रायपॉड खोचला की सॅक एका अंगाला कलते. दुसऱ्या बाजूला तेवढंच पाणी असेल तर चालेल, पण पाणी आपण पितो आणि ट्रायपॉड तेवढाच राहतो! मागे, मधोमध, उभा बांधा. डोकं खालच्या बाजूला ठेवलं तर झुडपांत कमी अडकतं.

कॅमेरा चढवलेला ट्रायपॉड खांद्यावर टाकून फिरणाऱ्यांना दुरून नमस्कार. शंभर पावलं असतील तर ठीक, पण गर्दीत वळलात की मागच्याच्या डोक्यात पाय बसतो, आणि प्लेटची पकड सैल झाली तर ते तुम्हाला कळणारही नाही.

तक्रार करणाऱ्यांसाठी सांगतो: अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने १० एप्रिल १९२७ला योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा तो प्रसिद्ध फोटो काढला तेव्हा मोठा व्ह्यू कॅमेरा (भात्याचा, प्लेटवर फोटो घेणारा), काचेच्या १२ प्लेट, फिल्टर आणि लाकडी ट्रायपॉड घेऊन बर्फातून चढून गेले होते. वर पोचेपर्यंत मोजक्याच प्लेट शिल्लक होत्या. आपण कार्बन फायबर घेऊन कुरकुरतो.

— ट्रायपॉडवाला

*

तेव्हा त्यांचं वय २५ होतं हो. माझ्या मानेचं वय विचारू नका.

— मानमोडी

*

विमानाने जाणाऱ्यांसाठी. केबिन बॅगेची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ७ किलो असते आणि चाकांची कॅमेरा बॅग रिकामीच चार-पाच किलो भरते. म्हणून चाकांची बॅग मी बाद केली आहे. तसंही जिने आणि खडबडीत रस्ता आला की ती उचलावीच लागते. हलक्या सॅकमध्ये बॉडी आणि लेन्स, ट्रायपॉड मोठ्या सामानात कपड्यांत गुंडाळून. वजन काठावर असेल तर जास्त खिशांचं जाकीट घाला. एक लेन्स अंगावर गेली की काटा खाली येतो.

सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातल्याच सामानात लागतात आणि त्यांची टोकं झाकलेली हवीत. १०० वॉट-तासांपर्यंत (हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) वेगळी परवानगी लागत नाही. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले एमएएच भागिले १०००. सोनीच्या कॅमेऱ्याची एनपी-एफझेड१०० बॅटरी ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएच, म्हणजे साधारण १६.४ वॉट-तास. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांची चिंता नको. व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या बॅटऱ्यांवरचा आकडा मात्र वाचून घ्या.

— खिडकीचीसीट

*

मॅक्रो (किडे-फुलं अशा लहान गोष्टींचे अगदी जवळून फोटो) करते, म्हणजे अर्धा वेळ ओल्या गवतात आडवी. माझी शिफारस: पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक. तिची चेन आपल्या पाठीला लागून असते, त्यामुळे जमिनीवर ठेवताना पट्ट्यांची बाजू वर राहते आणि चिखल पाठीला लागत नाही.

तिचा खरा फायदा पुढे आहे. जमिनीवर ठेवायला जागाच नसेल, सगळीकडे पाणी असेल, तर कमरेचा पट्टा बांधलेलाच ठेवून दोन्ही खांदे मोकळे करायचे आणि सॅक कमरेभोवती फिरवून पोटाशी आणायची. चेन आपल्या तोंडासमोर येते आणि सॅक टेबलासारखी आडवी राहते. उभ्या उभ्या लेन्स बदलून होते, झाकण हातातून पडलं तरी सॅकमध्येच पडतं. कमरेचा पट्टा मजबूत हवा, हे कडेकपारी यांनी लिहिलंच आहे.

पावसात वरचं रेनकव्हर पुरत नाही. पाणी मान आणि पाठ यांच्यामधून आत उतरतं. कॅमेऱ्याचा कप्पा तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत घालून मग सॅकमध्ये ठेवते. सिलिका जेलची पुडी आत असतेच. आणि एसी खोलीतून दमट हवेत आल्याआल्या बॅग उघडू नका, काचेवर बाष्प धरतं. अर्धा तास बंद राहू द्या.

— गवतातली

*

@गवतातली, पोटाशी फिरवायची युक्ती आवडली. पण बाजूला ट्रायपॉड बांधलेला असेल तर तो फिरवताना कोपराला लागत नाही का?

— पाणथळ

*

लागतो, म्हणून आधी ट्रायपॉड काढून उभा करायचा आणि मग सॅक फिरवायची. मागे मधोमध बांधला असेल तर पोटाशी आल्यावर तो सॅकच्या खाली जातो आणि पुढे ओढतो, तेव्हाही काढलेलाच बरा. आणखी एक, सॅक नेहमी एकाच दिशेने फिरवा. माझी डावीकडून येते, कारण उजव्या हातात कॅमेरा असतो.

— गवतातली