महाविद्यालयाच्या आवारातील, खून नसलेली रहस्यकथा : आपले अनुभव लिहावेत

महाविद्यालयात घडणारी, रक्तपात नसलेली आणि पोलिसांऐवजी तिथल्याच माणसांनी छडा लावलेली रहस्यकथा वाचताना आपल्याला काय जाणवले, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते. डोरोथी सेयर्स यांची १९३५ मधील ‘गॉडी नाइट’ मी तीनदा वाचली आहे. ऑक्सफर्डमधील एका काल्पनिक महिला महाविद्यालयात निनावी चिठ्ठ्या येऊ लागतात, नासधूस होते आणि बाहेर बभ्रा होऊ नये म्हणून प्राध्यापिका आपल्या माजी विद्यार्थिनीला, रहस्यकथा लिहिणाऱ्या हॅरिएट व्हेनला, शोध घ्यायला सांगतात. त्यांची धास्ती मला पूर्णपणे पटते, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली. सेयर्स यांचे शिक्षण १९१५ मध्ये पूर्ण होऊनही त्यांना पदवीसाठी तोपर्यंत थांबावे लागले होते. इतक्या अलीकडे मिळालेल्या हक्काविरुद्ध बोलणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले असते.

*

मी ग्रंथपाल होतो. या कादंबरीत एका विदुषीची छंदशास्त्रावरील ग्रंथाची मुद्रिते कोणीतरी विद्रूप करते. त्या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबलो. आमच्याकडे एका संदर्भग्रंथाची पाने कोणीतरी ब्लेडने इतकी सफाईने कापली होती, की शिवणीपाशी बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरली होती आणि पुस्तक मिटल्यावर काही कळतही नव्हते. खुनाशिवाय रहस्यकथेला वजन येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी ती पट्टी दाखवली असती.

*

लेकीसोबत वाचली. लॅटिन अवतरणांपाशी आम्ही अडलो, मधला भाग संथ वाटला, मात्र निःसंकोचपणे मोठ्याने वाचता आली.

*

आमच्या वसतिगृहातही दाराखालून चिठ्ठ्या सरकवल्या जात. आम्ही चौघी मैत्रिणी स्वतःला मोठ्या शोधक समजून मेसमध्ये प्रत्येकीच्या वहीतील ‘ळ’ आणि ‘क्ष’ चिठ्ठीतल्या अक्षरांशी ताडून पाहत असू आणि त्यावरून आम्ही शेजारच्या खोलीतील मुलीवर संशय घेतला. आम्ही तिच्याशी बोलणे सोडले. पुढे तिच्या ताटाशेजारची जागा रिकामीच राहू लागली. कादंबरीतील प्राध्यापिका एकाच टेबलावर जेवताना एकमेकींकडे चोरून पाहतात, तिथे मला तीच जागा दिसली. ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परतली नाही. चिठ्ठ्या मार्चपर्यंत येत राहिल्या.