'एम्पॉवरमेंट'ला मराठीत काय म्हणायचं? सक्षमीकरण, जबाबदारी की अखत्यार?

खानापूरकर: आमच्या कंपनीत नोटिसा कन्नड आणि मराठी दोन्हीत लावायचं ठरलंय आणि मराठीचं काम माझ्याकडं आलंय. हेडिंग आहे एम्पॉवरमेंट, खाली मजकूर असा की लाईनवरच्या माणसानं आपल्या पातळीवर निर्णय घ्यावा, दरवेळी वर विचारत बसू नये. मी 'कर्मचारी सक्षमीकरण' लिहिलं तर पोरं म्हणाली हे बचत गटाच्या बोर्डासारखं वाटतंय. दुसरा शब्द सुचवा की.

निपाणीकर: सरळ 'जबाबदारी घ्या' लिहा, सगळ्यांना कळतं.

उद्यमबागकर: 'जबाबदारी घ्या' नको ओ. जबाबदार म्हणजे जबाब देणारा, शब्द फारसीतून आलाय, आणि जबाब मागतात कधी तर काम बिघडल्यावर. माल चांगला गेला तर 'याला जबाबदार कोण' असं कुणी विचारत नाही. कन्नडमध्येपण जवाब्दारी हाच शब्द आहे, आणि त्यांचा स्वतःचा 'होणे' घेतला तर त्याचा जुना अर्थ जामीन. म्हणजे दोन्हीकडं नंतर कोण सापडणार तेवढं ठरतंय, आधी कोण ठरवणार ते या शब्दांत नाहीच. आणि सक्षमीकरणात तर समोरचा अक्षम आहे हे धरूनच चाललेलं असतंय, पंधरा-वीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला ते कशाला ऐकवायचं?

मला विचाराल तर 'अखत्यार'. मूळ अरबी इख्तियार, म्हणजे निवड, आपल्या मर्जीनं ठरवणं. मुखत्यार त्याच घरातला, कुलमुखत्यारपत्र म्हटलं की सगळ्यांना कळतंय की या माणसाची सही आपल्या वतीनं चालणार. वाईट याचं वाटतं की आपल्याकडं हा शब्द उरलाय तो नकारापुरताच, कुठल्याही ऑफिसात जावा, 'ते आमच्या अखत्यारीत येत नाही'. अखत्यारीत येतं असं म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो.

आता हे शब्दापुरतं का नाही ते सांगतो. मी फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात आहे. एसजी आयर्नच्या (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात बसतं ते चिवट बीड) हीटला, म्हणजे एका खेपेच्या रसाला, लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू होतंय, साधारण दहा-बारा मिनिटांत ओतून संपवायला लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचा असर उतरतो, ग्राफाइटच्या गोळ्या नीट होत नाहीत आणि कास्टिंग कमजोर निघतं. अशात मोल्डिंगची, म्हणजे साच्यांची, लाईन अडकली, तर राहिलेला रस ओतायचा की पिग करून, म्हणजे नुसत्या लाद्या ओतून, परत भट्टीत टाकायचा हे लॅडलजवळच्या माणसानंच ठरवायला पाहिजे. तो काय करतो? सुपरवायझरला हाक मारतो, सुपरवायझर मॅनेजरला फोन लावतो, मॅनेजर मीटिंगमध्ये. तोवर वेळ गेली. मग ओततात, कारण ओतलं तर निदान कुणी विचारत नाही लगेच. रिजेक्शन कळतं लॅबमध्ये, आणि तेव्हा मात्र जबाबदारी कुणाची तर लॅडलवाल्याची. ठरवायची मुभा नाही आणि जबाब मात्र त्याचा, हे बरोबर नाही, मी हे कितीदा तरी बोललोय.

कामगारालाच लाईन थांबवू द्यायची म्हटलं की टोयोटाचं उदाहरण देतात, ते खरं आहे, आणि ते सुरू झालं मागावरून, म्हणून आपल्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांना लगेच कळेल. साकिची टोयोडांचा १९२४ चा ऑटोमॅटिक माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, खराब कापड विणत पुढं जायचा नाही. पुढं मोटारीच्या कारखान्यात तोच विचार माणसाकडं आला, चूक दिसली की कामगारानं दोरी ओढायची, टीम लीडर धावत येतो, सुटलं नाही तर लाईन थांबते. (आणि बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या मोटारीच्या प्लांटला टोयोटाशेजारी जे किर्लोस्कर नाव लागतंय ते बेळगावचंच, लक्ष्मणरावांनी १८८८ साली इथं सायकलचं दुकान काढलं होतं.) दोरी ओढणाऱ्याला आधी परवानगी घ्यायला लागत नाही, त्याला म्हणतात अखत्यार.

निपाणीकर: पटलं, पण पोरानं उगाच लाईन थांबवली तर? नुकसान कुणाचं? आणि अखत्यार हा शब्द कोर्टातला वाटतो.

उद्यमबागकर: कोर्टातला वाटला तरी कळतो, 'माझ्या अखत्यारीत नाही' आठवी शिकलेलापण बोलतोय. आणि उगाच थांबवली म्हणून त्याच्या पगारातनं कापलं की दुसऱ्या दिवसापासनं कुणी दोरीला हात लावणार नाही, मग नोटीस काढून टाकलेली बरी. कापायचं नाही, पण कारण रजिस्टरमध्ये लिहायचं, इथं जबाबदारी शब्द शोभतो. खानापूरकर, हेडिंगची काळजी सोडा, खालचा मजकूर नेमका करा. 'निर्णय घ्यावेत' असं मोघम नको. असं लिहा बघू: 'माल खराब येत असल्यास मशीन थांबवण्याचा अखत्यार ऑपरेटरचा आहे. आधी विचारण्याची गरज नाही. थांबवल्यावर वेळ आणि कारण लिहावे. चांगल्या हेतूने थांबवल्याबद्दल पगार कापला जाणार नाही.'

खानापूरकर: शेवटची ओळ मॅनेजमेंट ठेवू देईल का ते बघायला लागेल. कन्नड बाजूला 'अधिकार'च ठेवतो, तिकडं तो चालतो.

उद्यमबागकर: ठेवा. पण शेवटची ओळ दोन्ही भाषांत पाहिजे, ती सोडू नका.